हुपरीकर भावंडांची दाबघट

दाबघट म्हणजे विजेने वाटेत गमावलेला दाब. उगमापाशी मोजला तर पुरेसा भरतो, मुक्कामी मोजला तर कमी. मधले जे अंतर, ती घट. तिला गळती म्हणू नये. गळतीत वस्तू दुसरीकडे जाते. घटीत ती कोठेच जात नाही. वाहून नेणाऱ्यातच जिरते.

हुपरीकर भावंडांनी वडिलांची मोटार वाटून घेतली, तेव्हा बॅटरी थोरल्या वामनरावांकडे मिरजेला गेली, अल्टरनेटर धाकट्या त्र्यंबकरावांकडे इचलकरंजीला, आणि उरलेली मोटार मधल्या इंदुमतीबाईंकडे जयसिंगपुरात राहिली. मोटार पूर्ववत चालत असे. बाईंनी किल्ली फिरविली की मिरजेत कोठीतील पाटावर ठेवलेली बॅटरी क्षणभर कण्हे. इंजिन लागले की इचलकरंजीत मागच्या सोप्यातील स्टुलावर अल्टरनेटर आपोआप फिरू लागे आणि वीज तयार करून बॅटरी पुन्हा भरे. तो फिरू लागला की त्र्यंबकरावांच्या घरची मंडळी तेवढी मुलांना बाजूला घेत. यात कोणाला वावगे वाटत नव्हते. वाटणी रीतसर झाली होती.

वडिलांच्या निधनानंतर भाऊ एकमेकांशी बोलत नसत. जे सांगायचे ते इंदुमतीबाईंकरवी. वाटणीत एक अटही होती : मोटार बंद पडल्यास ज्याचा भाग निकामी ठरेल, त्याच्या घरी इंदुमतीबाईंनी पुन्हा पाऊल ठेवू नये. अट दोघांनीही आग्रहाने घातली होती, कारण आपला भाग निकामी ठरणार नाही याची दोघांनाही खात्री होती.

दिवाळीच्या तोंडावर मोटार सुरू होईना. किल्ली फिरविली की नुसते ‘टक्’ वाजे.

“अल्टरनेटर मेलाय,” वामनराव म्हणाले. “त्र्यंबकच्या हातात काही टिकलंय का कधी? द्यायला दानत लागते, इंदू.”

“बॅटरी म्हातारी झालीय, अक्का,” त्र्यंबकराव म्हणाले. “मिरजेच्या अण्णांसारखीच. कितीही द्या, मला काय दिलं म्हणून विचारणार.”

इंदुमतीबाईंना दोन भाऊ होते. आता एक राहणार होता. कोणता, ते ठरविण्यासाठी पंच म्हणून जयसिंगपूरच्या दिवाणी वकील भागीरथीबाई मुतालिक यांना बोलावण्यात आले. त्या पिशवीतून मीटर घेऊन एस.टी.ने मिरजेला गेल्या.

“मोटार रात्रभर उभी होती ना?” त्यांनी आधी विचारून घेतले. “नुकत्याच चाललेल्या मोटारीचा आकडा फुगलेला असतो. तो मी धरत नाही.”

बॅटरीवर आकडा आला बारा व्होल्ट. वामनराव पाटाशेजारी बसले. “म्हणजे गेली?”

“उपाशी आहे. उपाशी वेगळं, आजारी वेगळं.”

बॅटरी बाजारपेठेतील दुकानातून भरून आणली, रात्रभर निवू दिली आणि पुन्हा मोजली. १२.६.

“भरलेल्या, स्वस्थ बॅटरीचा हाच आकडा,” मुतालिकबाई म्हणाल्या. “निर्दोष.”

वामनरावांनी पेढे आणविले. बहिणीला निरोप धाडला, “भाऊबीजेला इकडंच ये. तिकडचं संपलं.” इंदुमतीबाईंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जयसिंगपुरात मोटार सुरू करून ठेवली आणि मुतालिकबाई इचलकरंजीला गेल्या. अल्टरनेटर स्टुलावर फिरत होता. आकडा आला १४.३.

“इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा हवेत. हाही निर्दोष.”

“अण्णांना कळवा,” त्र्यंबकराव म्हणाले, आणि थोडे थांबून, “नाही, तुम्ही नको. अक्का सांगेल.”

इंजिन चालू असतानाच मुतालिकबाईंनी मिरज गाठली. तेथे बॅटरीवर १२.४ होते आणि आकडा हळूहळू उतरत होता. त्या दोन घोट पाणी प्यायल्या.

“इचलकरंजीहून चौदा पॉइंट तीन निघतात, इथं बारा पॉइंट चार पोचतात. दोन्ही भाग धडधाकट. दोष मधल्या तारेत.”

“मधे तार नाही,” वामनराव म्हणाले. “कधीच नव्हती.”

“मग तुमच्या दोघांमध्ये आहे काय?”

“इंदूशिवाय काही नाही,” ते म्हणाले.

जयसिंगपुरात इंदुमतीबाई चालू ठेवलेल्या मोटारीत सुकाणूवर हात ठेवून बसल्या होत्या. मुतालिकबाईंनी मीटरचे एक टोक त्यांच्या उजव्या हातात दिले, दुसरे डाव्या हातात. १.९.

“चांगल्या तारेत दोन-तीन दशांशांहून जास्त घट होत नाही. अण्णांनी त्र्यंबकरावांना धाडलेला शेवटचा निरोप काय होता?”

“त्र्यंबकची आठवण काढली होती.”

“त्यांचे शब्द सांगा.”

इंदुमतीबाई काचेतून बाहेर पाहत म्हणाल्या, “बाबांच्या आजारपणात तू भेटायला आलास, तो नवा शर्ट घालून आलास. मी अजून विसरलेलो नाही.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“अण्णा तुला विसरलेले नाहीत.”

“त्यावर त्र्यंबकराव?”

“त्र्यंबक म्हणाला, तो शर्ट अण्णांचाच होता. त्यांच्याच कपाटातून घेतला, माझ्याकडे धड शर्ट नव्हता म्हणून. घरात एवढं कधी कोणाला दिसलं नाही. मी अण्णांना सांगितलं, त्र्यंबक बरा आहे.”

मुतालिकबाईंनी मीटर बंद केले. “दोष तुमच्या भागात आहे. अटीप्रमाणे निकामी भागाच्या मालकाच्या घरी तुम्ही पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे तुमच्याच.”

“मग मी राहू कुठं?”

“अटीत त्याची तरतूद नाही. मात्र भाग दुरुस्त झाला तर तो निकामी म्हणता येणार नाही. तारेची टोकं खरवडून साफ करतात. तुम्ही निरोप पुरा पोचवायचा.”

“तसाच्या तसा सांगितला तर एकमेकांचं तोंड बघणार नाहीत.”

“आत्ता बघतात?”

इंदुमतीबाईंनी मीटरची टोके परत केली. मग म्हणाल्या, “निदान थोडं गोड माझ्या पदरचं घालू?”

“नाही. साडेचौदाच्या वर गेलं की बॅटरीतलं पाणी उकळतं.”

त्या तशाच इचलकरंजीला निघाल्या. मुतालिकबाई मीटर घेऊन मागच्या आसनावर. त्र्यंबकराव दारातच उभे होते. इंदुमतीबाईंनी उंबऱ्याबाहेर थांबून शर्टाचे वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सांगितले. त्र्यंबकरावांचा चेहरा लाल झाला.

“इतकी वर्षं हे मनात धरलंय? आणि मला तू सांगत होतीस, आठवण काढतात.”

“तेवढंच पोचत होतं,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “तुझंही तिकडं पोचलेलं नाही. पुन्हा सांग.”

त्र्यंबकरावांनी पुन्हा सांगितले आणि त्यात भर घातली. इंदुमतीबाईंनी ती भरही उचलली. मिरजेच्या वाटेवर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. काही सांडू नये म्हणून जपून चालवीत होत्या.

वामनराव कोठीत बॅटरीपाशी बसले होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“माझाच शर्ट? निळ्या रेघांचा?”

“हो.”

“तो मी वर्षभर शोधत होतो. धोब्याशी भांडलो त्याच्यापायी.” ते पुष्कळ वेळ चष्मा पुसत राहिले. “त्याला सांग, मागितला असता तर दोन दिले असते. न मागता नेला म्हणून चोर आहे. हे दोन्ही सांग. एक सांगून दुसरं गाळू नकोस.”

“नाही गाळणार.”

दारात मोटार चालू होती. मुतालिकबाईंनी बॅटरीला मीटर लावले. १४.२. मग त्यांनी इंदुमतीबाईंचे हात मोजले आणि कोणाचाही भाग निकामी नसल्याचा निवाडा तेथेच उभ्याने दिला. इंदुमतीबाई भाऊबीजेला दोन्ही घरी गेल्या.

ही हकीकत त्या भागात पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु सांगताना लोक एक चूक करतात. भावांचा समेट झाला, दोघे गळ्यात पडले आणि मोटार पुन्हा एकत्र जोडली गेली, असा शेवट ते करतात. तसे काही झाले नाही. भाऊ आजही एकमेकांशी बोलत नाहीत, शर्टाचा वाद मिटलेला नाही. उलट तो वाढून धोब्यापर्यंत गेला आहे, आणि बॅटरी भरलेली असते. इंदुमतीबाईंच्या दोन हातांमधील घट आता ०.१ आहे. उत्तम तारेतही तेवढी राहतेच, म्हणून त्या एका दशांशात काय गाळले जाते, हे मुतालिकबाईंनी कधी विचारले नाही.