सुरमईचे सर

मगदूम सर दर रविवारी सकाळी खिशात शिंप्याची टेप घालून मासळी बाजारात जायचे आणि एकही मासा न घेता परत यायचे. घ्यायचा प्रश्नच नव्हता. सर हातकणंगल्याकडचे जैन. अंड्याच्या टपरीजवळून जातानासुद्धा पलीकडची बाजू धरणारे.

पण कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि त्यातही त्यांचा जीव सुरमईवर. कोल्हापूरची अख्खी शिवाजी पेठ रविवारी मटणाच्या रांगेत उभी असायची, तेव्हा आमचे हे शेजारी मासळीवाल्या हमीदाबीच्या पाटीपुढे उकिडवे बसून सुरमईची लांबी मोजत. अंगावर आडवे पट्टे की ठिपके, यावरून जात ओळखत. वर, न विचारता गिऱ्हाइकाला सांगत, "डोळं बघा. तीन दिवसांची हाय ही."

हमीदाबीनं शेवटी त्यांना पाटीमागं एक स्टूल दिलं आणि बजावलं, मोजा, पण तोंड उघडू नका.

नापास होणाऱ्या पोरांना सर म्हणत, "सुरमई पहिल्या वर्षात हातभर वाढती. तू तीन वर्षं त्याच बाकावर हाईस की." सुरमई छोट्या तारली माशांच्या थव्यात कशी घुसते, हे सांगताना त्यांचा हात असा सुटायचा की पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकत. सर एकटेच राहत. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही.

सत्तर सालाच्या आसपास माझं लग्न झालं. नलू मालवणची. ती सुरमईला इसवण म्हणायची, त्यावरून सरांचे आणि तिचे रोज वाद. पुढं तिला दिवस गेले आणि अन्न पोटात ठरेना. मटणाचा वास नको, भाकरी नको. घाट चढून आलेल्या मासळीचं तर नावच नको. ताजी इसवण मिळाली तर खाईन, एवढंच म्हणायची. मी हे सरांच्या कानावर घातलं. ते फक्त "बघतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या दाराला कुलूप. संध्याकाळी सर पत्र्याचा डबा छातीशी धरून आले. बर्फाच्या पाण्यानं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. रत्नागिरीला जाऊन आले होते. जेटीवर एकेकीचे कल्ले उघडून बघत अकरा सुरमया नापास केल्या, बारावी पास झाली.

परतीच्या एस.टी.त मलकापूरला नेमके त्यांचे सख्खे मामा चढले आणि शेजारीच बसले. डब्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं.

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सुरमई हाय म्हणालो. खोटं कसं बोलू?"

मामा उठले आणि कोल्हापूर येईपर्यंत मागच्या बाकावर बसले. गावाकडं पुढं काय झालं, ते सरांनी कधी सांगितलं नाही. त्या वर्षी दिवाळीला मात्र ते गावी गेले नाहीत, आमच्याकडंच फराळाला होते.

नलूनं सुरमई तळली. सर आत येईनात. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून राहिले. तिनं एक तुकडी खाल्ली, मग दुसरी. बऱ्याच दिवसांनी तिच्या पोटात काही टिकलं. मी बाहेर येऊन तसं सांगितलं, तर सरांनी मान हलवली, पण उठले नाहीत. थोड्या वेळानं दाराआडूनच हळू विचारलं, "वैनी, कशी लागती ओ?"

नलू हसणार होती, पण त्यांचा आवाज ऐकून थांबली. म्हणाली, "गोड लागते, सर. आधी जरा खारी, मग गोड. वरून कुरकुरीत, आत पदर सुटतात."

"आणि?"

"आणि काटा लागत नाही. मधला एक काढला की झालं."

"आणि?"

नलूनं माझ्याकडं बघितलं.

"वीस वर्षं शिकवतोय," सर पायरीवरून म्हणाले. "हे पुस्तकात न्हाय. आणि घरात विचारावं, तर कोण न्हाय."

नलूचं पोट भरलं होतं. तरी तिनं ताट उचललं, दारापाशी येऊन बसली, तिसरी तुकडी मोडली आणि घास घोळवत घोळवत सांगायला लागली.