नव्या तंबूला ऊन लागू नये म्हणून

मार्च महिन्यात ऊन पडते, ही बाब दौंडकडच्या राहू गावाजवळच्या आमच्या वाडीतील धवलगंगा सहकारी दूध संस्थेच्या निदर्शनास सर्वप्रथम डोळ्यांच्या डॉक्टरांनी आणून दिली. तोपर्यंत ऊन हा विषय संस्थेच्या कार्यकक्षेत येत नव्हता. मी या संस्थेचा सचिव. जे घडले ते सचिवाच्या पद्धतीने, म्हणजे काहीही न लपवता आणि कोणालाही न दुखावता सांगतो.

संस्था दरवर्षी अभ्यास दौरा काढते. अभ्यास दुधाचाच असावा, असा नियम आहे. २००३ साली आमचे चेअरमन बाळासो यांनी दिवेआगरचा समुद्र सुचवला आणि मी विषय लिहिला, 'किनारपट्टीवरील दुग्धव्यवसायाच्या संधी'. खरे कारण अख्ख्या वाडीला ठाऊक होते. बाळासोंच्या आई तानुबाई यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाल्याने आता तो त्यांना स्वच्छ दिसणार होता. पण डॉक्टरांनी दटावून सांगितले होते की म्हातारीला कडक उन्हात बसवायचे नाही.

"सावली आसंल तर येती," तानुबाई म्हणाल्या. "न्हाईतर तुमचा समुद्र तुमच्यापाशी."

बाळासो माणूस चांगला. समुद्र वाडीत आणता आला असता, तर आईसाठी त्यांनी टँकर लावला असता. ते शक्य नसल्याने सावलीच बरोबर न्यायचे ठरले आणि 'स्थलांतरयोग्य छायासाधन खरेदी उपसमिती' स्थापन झाली.

उपसमिती पुण्याला गेली. दुकानदाराने आधी वाळूत रोवायची मोठी छत्री दाखवली. तिच्याखाली बसलेला चेअरमन भाजी विकायला बसल्यासारखा दिसेल, म्हणून ती नामंजूर झाली. मग लोखंडी पायांचे छत दाखवले. ते उचलायला चार माणसे लागत आणि ती चारही माणसे संचालकच असल्याने तेही नामंजूर झाले. शेवटी एक निळा तंबू पसंत पडला. तीन बाजू बंद, चौथी समुद्राकडे उघडी. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला वाळू भरायचे कप्पे. घडी केली की सगळे एका पिशवीत.

"किती माणसं बसणार?" दुकानदाराने विचारले.

"बसणारी दोन," ज्ञानू म्हणाला. "बसायचा हक्क आसलेली अकरा." ज्ञानू हा आमचा विरोधी संचालक. तो चहालासुद्धा आधी विरोध करतो आणि मग दोन कप पितो.

खरेदीनंतर चाचणी बंधनकारक असते. ती भर दुपारी घ्यायची होती, पण दुपारी ऊन फार. म्हणून दिवस मावळल्यावर संकलन केंद्रात पंख्याखाली घेतली. पिशवीवरचे कोरे प्लॅस्टिक फाटू नये म्हणून तंबू पिशवीतून काढला नाही. तरीही सावली पुरेशी पडत असल्याचे एकमताने आढळून आले.

खरा घोळ पिशवीला लटकवलेल्या चिठ्ठीने केला. बाळासोंची मुलगी प्राची दौंडला कॉलेजात जायची. तिने ती वाचून दाखवली. "वापरून झाल्यावर कोरड्या, थंड जागी ठेवावा. उन्हात ठेवू नये."

बाळासो गंभीर झाले. "म्हंजी ह्यो उन्हानं खराब हुतो?"

"वापर झाल्यावर म्हनलंय, आप्पा. कायम उन्हात ठिवला तर कापड इरतं, एवढंच."

"मग जपाय पायजे ह्याला."

'तंबूला ऊन लागू देऊ नये' असा ठराव तिथल्या तिथे झाला. त्या क्षणापासून तानुबाईंना उन्हापासून वाचवण्याचा विषय मागे पडला आणि तंबूला उन्हापासून वाचवण्याचा विषय पुढे आला. कोणाच्या लक्षातही आले नाही. माझ्याही नाही.

वाडीतील सर्वांत थंड जागा म्हणजे दूध गार करण्याची खोली. तंबू तिथे ठेवला आणि त्याला दुधाचा ओलावा लागू नये म्हणून कॅन बाहेर ओसरीवर काढले. संध्याकाळचे सगळे दूध नासले. त्याची नोंद मी 'अभ्यास' या सदराखाली केली. तानुबाईंनी पिशवीच्या प्लॅस्टिकवर आपल्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली. त्या खोळीवर धूळ बसू नये म्हणून बाळासोंनी रेक्झीनचे कव्हर करून घेतले.

मग उद्घाटन. तालुक्याचे एक पुढारी येणार होते, त्यांना ऊन लागू नये म्हणून मांडव घातला. मांडवाच्या सावलीत पिशवीला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. पुढारी म्हणाले, "ही सावली तळागाळापर्यंत पोचली पाहिजे!" तळागाळ मांडवाबाहेर उन्हात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दौऱ्याच्या दिवशी जीपमध्ये तंबूला खिडकीची जागा मिळाली. मग खिडकीतून ऊन येते असे लक्षात आल्याने त्याला मधे घेतले आणि उन्हाच्या बाजूला ज्ञानूला बसवले. दिवेआगरला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि वाळू चटके देत होती.

तानुबाई जीपमधून उतरल्या आणि समुद्र पाहून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आगं बया! एवढं पानी, आन् कुनाचीच पाळी न्हाई?"

ज्या बाईने जन्मभर कालव्याच्या पाण्याच्या पाळीची वाट पाहिली, तिचा तो प्रश्न मी अहवालाच्या वहीत लिहून घेतला. उत्तर नसलेला प्रश्न अहवालात घेणे नियमात बसत नाही, पण घेतला.

"आजी, तिकडं झाडाखाली बसू," प्राचीने सुरूच्या बनाकडे बोट दाखवले. गार, दाट, फुकट सावली होती.

"खबरदार!" ज्ञानू ओरडला. "झाडाखाली बसलाव तर ऑडिटर इचारंल, झाडं हुती तर तंबू कशाला घेतला?"

मुद्दा बिनतोड होता. तानुबाईही म्हणाल्या, "झाडं काय वाडीत न्हाईत व्हय? म्या समुद्र बघाय आलीया."

बाळासोंनी आईकडे पाहिले. तिचे डोळे चुरचुरत होते, ती पदराने टिपत होती. चेअरमनचा चेहरा पडला आणि पहिल्यांदाच ते चेअरमनसारखे न बोलता मुलासारखे बोलले. "खड्ड्यात गेला त्यो ठराव! उघडा तंबू!"

आम्ही रेक्झीन काढले. खोळ काढली. प्लॅस्टिकला हात घातला, तेवढ्यात तानुबाईंनी पिशवी हिसकावून छातीशी धरली.

"हात लावू नगा! नवंकोरं हाय. वाळूनं घासंल, खाऱ्या वाऱ्यानं इटंल. प्राचीच्या लग्नात काढू."

"आजी, लग्नात तंबू कशाला?"

"नवं आसलं की लागतंच कशालातरी!"

आणि त्या वाळूत बसल्या. तंबू मांडीवर घेतला. त्याला ऊन लागू नये म्हणून डोक्यावरचा पदर काढून त्याच्यावर पांघरला.

बाळासोंनी विनवले, मी नियम सांगितला, ज्ञानूने विरोध नोंदवला. म्हातारी ढिम्म हलली नाही. शेवटी प्राचीचा पारा चढला. "मग तुम्ही कशाला बसलाय? ऱ्हावा उभं आजीच्या उन्हाच्या बाजूला!"

तिने एकेका संचालकाला दंडाला धरून उभे केले. ज्ञानू अंगाने सर्वांत रुंद, म्हणून तो नेमका उन्हाच्या तोंडाशी. आमच्या अकरा जणांची मिळून दाट सावली तानुबाईंवर पडली. सूर्य सरकेल तसे संचालक मंडळ सरकत होते. संस्थेच्या इतिहासात संचालकांनी सभासदावर सावली धरल्याची ही पहिलीच घटना. दिवस कलेपर्यंत तानुबाई समुद्र पाहत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "बरी हाय की तंबूची सावली."

आम्ही सगळे नाकाडावर सोलून निघालो. अहवालात मी लिहिले, 'छायासाधन अत्यंत उपयुक्त ठरले. स्थिती उत्तम.' दोन्ही वाक्ये खरी आहेत.

पुढे प्राचीचे लग्न झाले. त्यातही तंबू काढला नाही, कारण गर्दीत खराब झाला असता. तो अजून थंड खोलीत, लुगड्याच्या खोळीत, कोराकरकरीत आहे. कॅन अजून ओसरीवर असतात आणि अभ्यास चालू आहे.

हसलात? हसा. फक्त त्याआधी तुम्ही बसला आहात त्या खुर्चीला खालून जरा हात लावून बघा. नवी आणली तेव्हाचे प्लॅस्टिक लागते का हाताला?