माझ्या हाती चढतो, तिच्या हाती उतरतो

ताप उतरवावा तर मीच! इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या आमच्या गल्लीत हे मी छातीठोकपणे सांगत आले आहे. नवरा, तिन्ही पोरं, समोरच्यांची पोरं, एकदा तर समोरच्यांचं बदकसुद्धा! सगळ्यांचा ताप या दोन हातांनी उतरवला. माझी पद्धत साधी. कोमट पाण्याच्या पट्ट्या, अंगावर पातळ कपडा, खिडकी किलकिली आणि पोटात घोट घोट पातळ काहीतरी. बर्फ नाही, गोधड्यांचा ढीग नाही, भलते प्रयोग नाहीत!

म्हणून त्या गुरुवारी सकाळी सासूबाईंचं अंग तापलेलं लागलं तेव्हा मला, देवानं माफ करावं, आनंदच झाला.

तोंड वाकडं करू नका. कारण ऐका आधी! माझा नवरा सबरी आणि धाकटे दीर रिफअत यांनी मिळून आईला रजबच्या महिन्यात उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, पाठवायचं ठरवलं होतं. सोबतीला एक सून. एकच! आणि सुना आहेत दोन. मी मधल्या मजल्यावरची इन्साफ, घरातली थोरली. आणि वरच्या मजल्यावर रिफअतची बायको, शाहिनाज. कुणाला नेणार म्हणून विचारलं की सासूबाई जपमाळ ओढत म्हणायच्या, "बघू." त्या 'बघू'नं माझी झोप उडवली होती.

आता शाहिनाजबद्दल सांगायचं तर तिच्यात एकही खोट नाही. हीच तिची मोठी खोट! तिची मुलूखियाची पातळ पालेभाजी कधी तळाला बसत नाही. तिची पोरं शेंबडी नाहीत. आम्ही एकाच दोरीवर धुणं वाळत घालतो आणि तिचं आधी वाळतं! एकाच दोरीवर, हो! बरं, चिडून भांडायला वर जावं तर दार उघडताच हातात बसबूसाची बशी ठेवते आणि म्हणते, "ताई, तुमचीच आठवण काढत होते." तोंडात रव्याचा गोड तुकडा असताना माणूस भांडणार कसा? नुसतं आतल्या आत जळायचं. मी जळत होते. बारा महिने, चूल बंद न करता.

तर सासूबाईंचा ताप म्हणजे माझी परीक्षा होती आणि विषय माझ्या हातखंड्याचा! मी पदर खोचला, म्हणजे झग्याच्या बाह्या वर केल्या, आणि तळमजल्यावर सासूबाईंच्या खोलीत ठाण मांडलं.

"आई, काही काळजी करू नका. संध्याकाळच्या आत उठून बसाल."

"बस गं जवळ," सासूबाई कण्हल्या. "शाहिनाज कुठाय?"

बघा! पट्ट्या मी ठेवतेय आणि चौकशी कुणाची?

"कपडे वाळत घालतेय गच्चीवर. तिला कुठला वेळ!" मी म्हटलं.

कपाळ पुसलं, मान पुसली, तळवे पुसले. मग बडीशेपेचा वाफाळता काढा, वर लिंबू पिळून, पेलाभर पाजला. तो पोटात जातो न जातो तोच घरातला एकुलता एक काचेचा थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली ठेवला. बाहेर काढून बघते तर साडेएकोणचाळीस सेल्सिअस!

"किती आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"थोडासा आहे," मी म्हटलं. आणि घाईघाईनं पारा झटकून खाली आणला.

तेवढ्यात शाहिनाज आली. हातात फ्रीजमधल्या पेरूच्या रसाचा जग, चेहऱ्यावर काळजी, डोळ्यांत पाणी. खरंखुरं पाणी! मला कांदा चिरल्याशिवाय येत नाही.

"आई गं, काय झालं हे! घ्या, दोन घोट घ्या. ताई, तुम्ही जरा टेका. दमला असाल."

तिनं पेरूचा गार रस पाजला, कपाळावरची पट्टी बदलली आणि थर्मामीटर लावला.

"सदतीस! ताई, सदतीस! उतरला की हो!"

"तुझ्या हाताला गुण आहे गं, पोरी," सासूबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून ठेवला. माझा हात मघापासून तिथंच होता, पट्टीखाली. तो कुणी धरला नाही!

दुपारी माझी पाळी. मी कोंबडीचं सूप केलं, त्यात आमच्याकडे 'चिमणीच्या जिभा' म्हणतात त्या बारीक शेवया घातल्या, कढत कढत भरवलं आणि थर्मामीटर लावला. चाळीसच्या जवळ! शाहिनाज खाली आली, गार कलिंगडाच्या फोडी भरवल्या, थर्मामीटर लावला. पुन्हा सदतीस! उलट काही दशांश कमीच!

"इन्साफ," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू जरा लांब बसतेस का गं? तू जवळ आलीस की मला भडकल्यासारखं होतं."

झाला ना अंगाचा तिळपापड! हे कसं शक्य आहे? पाणी एक, फडकं एक, सासू एक! मग माझ्या हाती चढतो आणि तिच्या हाती उतरतो तो का? ही पाण्यात काहीतरी घालत असणार. नक्कीच! गुपचूप! गोडबोली कुठली!

शाहिनाज पोरांना शाळेतून आणायला गेली तशी मी जिना चढून वर गेले. आमच्या घरात दारं उघडीच असतात, त्यामुळे याला चोरी म्हणत नाहीत. तिच्या ओट्यावर, खिडकीपाशी, गुलाबपाण्याची उंच बाटली उभी होती. आत छान गुलाबी पाणी. हं! तरीच! गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवते आणि आम्हाला नुसतं पाणी दाखवते! झाकण उघडून वास घेतला. जरा आंबूस वाटला. म्हटलं, उंची गुलाबपाणी असंच असेल. आपल्याला कुठं सवय?

खाली येऊन अर्धी बाटली तसराळ्यात ओतली. सासूबाईंना डोळा लागला होता. मी सगळी माया पणाला लावून पट्ट्या ठेवल्या. कपाळ, गाल, मान, दोन्ही हात कोपरापर्यंत. एक इंच सोडला नाही! गुलाबपाणी जिरावं म्हणून पट्ट्या तशाच ठेवल्या आणि उमऱ्याला कुठला झगा नेऊ याचा विचार करत बसले.

थोड्या वेळानं समोरच्या उम्म इमाद मावशी (उम्म म्हणजे आई, आमच्याकडं बाईला थोरल्या लेकराच्या नावानंच हाक मारतात) तब्येत विचारायला आल्या. पट्टी उचलून बघतात तर काय, किंचाळल्याच!

"अगं बाई! गोवर! उम्म सबरीला गोवर!"

मी धावत जाऊन बघितलं. सासूबाई गुलाबी झाल्या होत्या. साध्यासुध्या गुलाबी नाहीत. बिटाच्या पाण्यात मुरवलेल्या सलगमासारख्या! आणि त्याच क्षणी त्या आंबूस वासाची मला ओळख पटली. शाहिनाज मिठाच्या पाण्यात सलगमाचं लोणचं घालते, रंगाला बीट टाकून. लोणचं संपलं की त्याचं पाणी फेकत नाही, रिकाम्या बाटलीत भरून ठेवते. काटकसरी ना! त्यातही खोट नाही!

सांगू का आता खरं? 'आई, मी तुम्हाला लोणच्याच्या पाण्यात मुरवलं' असं सांगू? मक्का राहिली बाजूला, मला तळमजल्यावरसुद्धा येऊ दिलं नसतं. मी तसराळं पायानं पलंगाखाली सरकवलं.

"या वयात गोवर कसला?" मावशींनी स्वतःच स्वतःला खोडून काढलं. "ही दृष्ट आहे! जळकी नजर! अंगावर उमटलीय बघ! आण कागद, आण सुई!"

मावशी या कामात पटाईत. त्यांनी पोरांच्या शाळेच्या वहीतला कागद कातरून बाहुली केली आणि एकेकीचं नाव घेत सुईनं टोचायला सुरुवात केली.

"ही दूधवालीच्या नजरेला! ही उम्म हनानच्या नजरेला! ही सबरीच्या आत्याच्या नजरेला! आणखी कोण येऊन गेलं गं?"

मी त्यांच्या कानाशी लागले. "वरच्या मजल्यावरची."

"शाहिनाज? तिची कसली नजर! फुलासारखी पोर!" मावशी म्हणाल्या. पण माझ्या समाधानासाठी एक हलकीशी टोच मारली. टोचही कशी, लाडाची!

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "आणि इन्साफची?"

"आई!" माझा आवाज चिरकला. "मी? सकाळपासून राबतेय मी!"

"अगं, एक टोच मारली तर बिघडतं काय?"

मावशींनी मारली. चांगली खसकन! दोनदा!

मग निखाऱ्यावर धूप आला, बाहुली जळाली आणि वर तुरटीचा खडा पडला. तुरटी फुगली की जिची नजर लागली तिचा चेहरा त्यात दिसतो, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. खोली धुरानं भरली. शाहिनाज पोरांना घेऊन परतली होती, तीही येऊन उभी राहिली. आम्ही सगळ्या शेगडीभोवती वाकलो. मी मनातल्या मनात तुरटीला विनवत होते, जरा नाजूक हनुवटी काढ गं बाई, आणि गालावर खळी! शाहिनाजला खळी आहे. तीही आहेच!

तुरटी फुगली, तडतडली आणि मधोमध एक टोक वर आलं. चांगलं लांबलचक, पुढं जाऊन जरासं वाकलेलं.

सगळ्यांनी एकदा तुरटीकडं बघितलं आणि एकदा माझ्याकडं. मी हातानं नाक झाकलं. तेच चुकलं!

"ताई, कुणाचंही वाटू शकतं," शाहिनाज माझी बाजू घेऊन म्हणाली. मेली चांगुलपणानं जीव घेणार माझा एक दिवस!

नेमका त्याच वेळी माझा नवरा कामावरून आला. बूट काढता काढता शेगडीत डोकावला आणि कौतुकानं म्हणाला, "अरे वा! हे तर हुबेहूब इन्साफचं नाक!"

"अहो!"

"काय झालं? चांगलं जमलंय."

मग त्याची नजर आईकडं गेली. गुलाबी आई धुरात खोकत होती. तो तसाच उलट्या पावली पळाला आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

बाईंनी आधी शेगडी बाहेर काढायला लावली. "आजारी माणसाच्या खोलीत धूर? माणसं आहात की कबाबवाले?" खिडकी उघडली. मग ओल्या कापसानं सासूबाईंचा गाल पुसला. गोवर कापसावर आला! बाईंनी कापूस हुंगला.

"सलगमाचं लोणचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघायला लागले.

"मी गुलाबपाणी समजले," मी पुटपुटले. "शाहिनाजच्या बाटलीत होतं."

"पण ताई, तुम्ही मागितलं असतं तर मी खरं गुलाबपाणी दिलं असतं की!" शाहिनाज म्हणाली.

हेच! हेच मला सहन होत नाही!

बाईंनी स्वतःचा थर्मामीटर काखेत लावला. साडेअडतीस. मग सकाळपासून काय काय झालं ते विचारलं. मी कढत काढ्यांचं सांगितलं, शाहिनाजनं गार रसांचं. बाई हसायलाच लागल्या.

"म्हणजे दिवसभर तुम्ही काढ्याचा ताप मोजलात आणि तुमच्या जावेनं पेरूचा! गरम-गार काही पिऊन लगेच थर्मामीटर तोंडात धरतात का? अर्धा तास थांबायचं. ताप यांचा होता तेवढाच होता. साधा आहे. वय झालंय म्हणून गोळी मी सांगते तेवढीच द्या आणि दोन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा बरळायला लागल्या तर लगेच मला बोलवा. बाकी कोमट पाण्याच्या पट्ट्या, पातळ कपडा, भरपूर पातळ पदार्थ. सुरुवात कुणी केली होती याची?"

"मी!" मी जवळजवळ उडीच मारली.

"अगदी बरोबर केली होती. तिथंच थांबायचं ना!"

ऐकलंत? अगदी बरोबर! मी सासूबाईंकडं बघितलं. त्या मनगटाचा वास घेत होत्या.

शनिवारी ताप गेला. लोणच्याचा वास रविवारीही होता. सोमवारी सासूबाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. मी दारातच उभी राहिले, कारण निकाल मला ठाऊक होता. वर जाऊन एकटीनं रडायचं, एवढंच ठरवलं होतं.

"उमऱ्याला माझ्याबरोबर," सासूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली, "इन्साफ येईल."

क्षणभर मला वाटलं, माझे कान वाजले! मग मी असा काही जल्लोषाचा सूर काढला की समोरून उम्म इमाद मावशी खिडकीत आल्या. सासूबाईंचे हात धरले, पापे घेतले. "आई! तुम्हाला माझी माया कळली! कळली ना?"

"अगं, माया कसली," सासूबाई म्हणाल्या. "शाहिनाजला घरी ठेवलं तर मी निर्धास्त. पण तुला मागे ठेवायचं आणि हिला घेऊन जायचं? तू इथं जळत बसशील आणि आम्ही दोघी तिकडं तापानं फणफणू. त्यापेक्षा तू माझ्या डोळ्यांसमोर बरी. तिथं तुझ्यासाठी मीच दुआ मागते. सुधारलीस तर सुधारलीस!"

सबरी आणि रिफअत खो खो हसले. मावशी तर खिडकीतूनच 'आमीन' म्हणाल्या. आता शाहिनाजचं तोंड उतरलं असेल, तेवढं तरी बघून घ्यावं म्हणून मी वळले. तर ती डोळे पुसत पुढं आली, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, किती बरं झालं! पोरांची काळजी करू नका, मी आहे. आणि माझा नवा पांढरा झगा तुम्ही घेऊन जा, तुम्हाला शोभेल."

अगदी मनापासून म्हणाली हो! जावेला मक्केला पाठवताना इतकं खूश होणं मला उभ्या जन्मात जमलं नसतं. तिला सहज जमलं! असा जळफळाट झाला माझा, काय सांगू!