जठारपेठेत न राहणारा नवरा

बायकोकडे विलायतेला जायचं, पण पक्कं होईपर्यंत शेजाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. माझी दुर्गा नर्स. अकोल्याहून थेट मँचेस्टरच्या इस्पितळात लागली. मीही निघालो म्हटल्यावर अख्खी जठारपेठ म्हणणार, "बायको कमावते अन् नवरा मागं मागं चालला!" (खरंच होतं ते. म्हणून तर लपवायचं.)

परदेशी जायच्या परवान्यासाठी पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. अर्ज करून मी निर्धास्त बसलो. आणि नकार आला: सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, सबब दाखला नाही; आणि दाखला नाही, सबब परवाना नाही.

तणतणत चौकी गाठली.

"जमादार, मी राहत नाही? मग हा समोर कोण उभा आहे?"

"तुमी हाये हे मले दिसून राहिलं," चंद्रभान जमादार थंडपणे म्हणाला. "पन मी सोता मोहल्ल्यात इचारून आलो. कोनी वळखतच नाही तुमाले."

घरी येऊन शेजारच्या केशरबाईंना विचारलं. त्या एकदम खुशीत!

"आल्ता ना तो जमादार! वामनराव कुठं हाये म्हने. मी म्हटलं, असा मानूसच नाही इथं. देवमन शिंप्यानंही तेच सांगतलं. पानवाल्यानं तं तुमी मेले म्हनून सांगतलं."

"अहो, पण काहून?"

"काहून म्हंजे? पोलीस शोधून राहिले अन् आमी तुमाले पकडून देऊ?" मग आवाज खाली आणून, "काय केलं तुमी? हापिसात अफरातफर?"

त्या आवाजात माझ्याविषयी जेवढा आदर होता, तेवढा मी जन्मात ऐकला नव्हता. तोही घालवावा लागला. बायकोकडे विलायतेला निघालोय, हे कबूल केलं आणि नकारावर अपील ठोकलं. हे फेटाळलं असतं तर दुर्गेचं तोंड कधी दिसलं असतं कोण जाणे. (मला तिची फार आठवण येत होती, हे या भानगडीत सांगायचंच राहिलं.) सगळ्यांना हात जोडून म्हटलं, "या वेळी खरं सांगा हो!"

इथे चुकलो.

जमादार पुन्हा आला. मी दाराआड.

"हा अन् गुन्हा?" केशरबाई हसत सुटल्या. "याच्यानं कंदिलाची काच फोडल्याबिगर पुसनं होत नाही!"

"कोनाशी भांडन-तंटा?"

"भांडाले हिंमत लागते, साहेब," देवमन म्हणाला. "बायको गेल्यापासून याच्या शर्टाचे बटनं मी लावून देतो."

जमादाराने शब्दन् शब्द टिपला. दाखला आला: 'इसम निरुपद्रवी असून गुन्हा करण्याइतकी कुवत त्याच्यात आढळली नाही.' त्यावर अपील लगोलग मंजूर!

मँचेस्टरला पोचल्यावर मी तो कागद मोठ्या ऐटीत दुर्गेच्या हातात ठेवला. तिने उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि डोक्याला हात लावला.

"हाच दाखला माह्या बाबानं लग्नाच्या अगोदर काहून नाही मागतला?"