पहिल्याच फटक्यात हो

"तीन पोरं? अहो, तीन पोरं आणणं म्हणजे माझ्या हातचा मळ!" व्हर्लिन टॉस्ट्रूडने टेबलावर अशी थाप मारली, की शाळा समितीच्या चारही सभासदांच्या कागदांवर कॉफी सांडली.

व्हर्लिन नॉर्डवॉलच्या शाळा समितीचा अध्यक्ष होता आणि शाळेचा त्याला अभिमान फार! त्याचे आजोबा, वडील, तो स्वतः आणि दोन्ही मुली याच शाळेत शिकलेले. जिमच्या भिंतीवर १९७८च्या बास्केटबॉल संघाचा फोटो होता. त्यात तो राखीव खेळाडू म्हणून पार कडेला उभा होता, निम्मा चौकटीखाली गेलेला. तरी पाहुण्यांना तो सांगायचा, "हे बघा, आम्ही जिंकलो तेव्हा!"

आणि आता त्या शाळेचा बालवर्ग जायची वेळ आली होती. पुढच्या वर्षासाठी मुलं होती नऊ. बारा झाली नाहीत तर वर्ग बंद आणि मुलं हेगबर्गला. हेगबर्ग! पोहण्याचा तलाव बांधल्यापासून जमिनीवर पाय नसलेलं गाव! आज बालवर्ग गेला की उद्या पहिली जाणार आणि परवा दाराला कुलूप लागणार, हे मिनेसोटात कुणाला सांगावं लागत नाही.

पण कायदा असा, की आईबापांना वाटलं तर ते मूल शेजारच्या हद्दीतल्या सरकारी शाळेत घालू शकतात. अर्ज तेवढा पंधरा जानेवारीपर्यंत हवा. आणि हेगबर्गच्या हद्दीत, पण नॉर्डवॉलपासून पाव मैलावर, न्यू जर्सीहून एक पेट्रिलो कुटुंब नुकतं राहायला आलं होतं. त्यांना पाच वर्षांची तिळी मुलं होती!

एक डिसेंबरला व्हर्लिन तीन फॉर्म घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. रोझॅन पेट्रिलो नर्सच्या कपड्यांत, एका हाताने बूट चढवत बाहेर आली.

"मुलांना आमच्या शाळेत घालाल का?"

"हो, घालते की! फॉर्म आणलेत? द्या इकडे."

व्हर्लिनला ते 'हो' खरंच वाटेना. या भागात माणूस साधी कॉफीसुद्धा दोनदा "नको, नको" म्हटल्याशिवाय घेत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की मग "अर्धाच कप" म्हणायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस त्याने बासष्ट वर्षांत पाहिला नव्हता. तो घरी आला तोच तोंड पाडून.

"काय झालं?" त्याची बायको आर्डिस म्हणाली.

"ती हो म्हणाली."

"किती वेळा?"

"एकदाच."

"अरेरे!" आर्डिस हळहळली. "म्हणजे बाई चक्क वाटेला लावतेय तुला."

मग व्हर्लिन इरेला पेटला. दोन दिवसांनी पुन्हा गेला. "आमची बस हद्द ओलांडू शकत नाही, पण काळजी नको. सप्टेंबरपासून रोज सकाळी मी मुलांना हद्दीपर्यंत आणून सोडीन!"

यावर नॉर्डवॉलमधल्या कुणीही "छे छे, तुम्हाला कशाला त्रास!" म्हटलं असतं. रोझॅन म्हणाली, "वा! पावणेसातला या."

हीसुद्धा टाळाटाळच, अशी व्हर्लिनची खात्री पटली. पुढच्या फेरीत तो म्हणाला, "तुमच्या अंगणातला बर्फसुद्धा मी काढून देईन हो, एवढं काय त्यात!"

"मस्त! मंगळवारी आणि शुक्रवारी. सातला माझी ड्यूटी असते, त्याआधी."

त्याच्या पुढच्या फेरीत, "आमच्या आर्डिसला लहान मुलांची भारी हौस."

"देवासारखे भेटलात! बुधवारी दुपारी पाठवते तिघांना."

"मला हौस?" आर्डिस कडाडली. "कधीपासून?"

"शाळेसाठी गं! तो बालवर्ग आपल्या पोरींचा आहे!"

यावर आर्डिसने बुधवार मोकळा ठेवला, कारण शाळा तिचीही होती. पण नाताळच्या आधी व्हर्लिनच्या तोंडून बोलता बोलता निघून गेलं, "आमच्याकडे पियानो नुसता पडून आहे, मुलांना हवा तर..." आणि दुसऱ्याच दिवशी रोझॅनचा नवरा ट्रक आणि दोन मित्र घेऊन दारात हजर! आर्डिस हातात फडकं घेऊन बघत राहिली. तिच्या आईचा पियानो उणे पंचवीस अंशांत गोधडी पांघरून निघाला.

पंधरा जानेवारी उजाडला तरी अर्जांचा पत्ता नाही. व्हर्लिन धापा टाकत शाळेच्या ऑफिसात शिरला. "लव्हॉन, पेट्रिलोंचे फॉर्म?"

"ते होय?" क्लार्क लव्हॉन शांतपणे म्हणाली. "दोन डिसेंबरलाच आले. बाई स्वतः देऊन गेल्या."

"दोन डिसेंबरला! आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, इतक्या तातडीने दिलेत म्हणजे नीट विचार केलेला नसणार. परत न्यायला येतील. उगाच त्यांना अवघडायला नको, म्हणून शिक्का न मारता ठेवलेत."

"मार शिक्का!" व्हर्लिन इतका जोरात ओरडला, की शेजारच्या वर्गातले गुणाकार थांबले.

तिन्ही शिक्के पडले. त्या संध्याकाळच्या बैठकीत व्हर्लिन उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बारा!" सभासदांनी चक्क मान डोलावली. नॉर्डवॉलमध्ये याहून मोठा जल्लोष कुणी पाहिलेला नाही. व्हर्लिनचे डोळे भरून आले. नॉर्डवॉलचा बालवर्ग नॉर्डवॉलमध्येच राहणार होता!

"अभिनंदन," घरी आर्डिस म्हणाली, आणि तिने खरंच त्याचा हात दाबला. "गाडीने सोड, बर्फ काढ, बुधवारी मी पोरं सांभाळते. सांभाळता सांभाळता लळा लागलाय मेला. पण फॉर्म पहिल्याच दिवशी मिळाले होते ना? मग माझ्या आईचा पियानो घेऊन ये."

व्हर्लिन तडक गेला. आत तिघांतला लुका एका बोटाने नॉर्डवॉलच्या शाळेचं गाणं वाजवत होता, अर्धं चुकीचं, आणि बाकीची दोघं ओरडून गात होती. बुधवारी आर्डिसनेच शिकवलेलं! व्हर्लिनची छाती कोटाच्या बटणांना ऐकेना.

"बोला व्हर्लिन," रोझॅन दारातून म्हणाली. "पियानो परत हवाय का?"

"छे छे! भलतंच काय! असू दे, असू दे."

"बरं. मंगळवारी भेटू!" आणि दार लागलं.

बर्फात बराच वेळ उभा राहून तो रिकामी गाडी घेऊन घरी आला.

"काय म्हणाली?" आर्डिसने विचारलं.

"विचारलं तिने, परत हवाय का म्हणून."

"मग?"

व्हर्लिन टोपी काढून चाचपत राहिला.

"एकदाच विचारलं गं!"