शूलकंदाची सरळ रांग

एका जंगलात, बाळांनो, भीमनख नावाचा सिंह राज्य करत होता. राज्य करणं म्हणजे भरपेट जेवणं आणि मग पोट धरून लोळणं. या पोटदुखीवर एकच औषध होतं, शूलकंदाच्या झुडपाचा कंद. ती झुडपं कड्यावर जेमतेम दहा-बारा उरली होती.

महाराजांनी दीर्घपुच्छ वानराला बोलावलं. "शूलकंद वाढव. पावसाळा संपला की पाहणीला येईन. डोंगर भरलेला दिसला तर तू प्रधान. नाहीतर त्या दिवशी माझ्याकडे जेवायला ये."

महाराजांकडे जेवायला गेलेलं कोणी परत आलेलं दीर्घपुच्छानं पाहिलं नव्हतं.

तो कड्यावर चढला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. एक झुडूप बुटकं, एक केसाळ पानांचं, एक दगडाच्या फटीत आडवं पडलेलं. असला गबाळा कारभार पाहणीत दाखवायचा कसा? त्यानं त्यातलं एक सरळ, तुकतुकीत झुडूप निवडलं आणि बाकीची उपटून दरीत फेकली. निवडलेल्याच्या कंदाचे तुकडे करून त्यानं सगळ्या उतारावर लावले. दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड मांडायला तो विसरला नाही.

साळूबाई साळिंदर तिथून चालली होती. "अरे मेल्या, ती एकेक निराळी होती. खाल्लीत मी, मला ठाऊक आहे."

"म्हणूनच उपटली. आणि खाणाऱ्यांनी संवर्धनावर बोलू नये, साळूबाई."

"खालचा टाकळा बघ. रानभर माजलाय, पण दोन रोपं सारखी सापडायची नाहीत."

"त्याला शिस्त नाही. म्हणून तर त्याला कोणी विचारत नाही."

पावसात उतार हिरवागार झाला. सगळी झुडपं एका उंचीची, एका रंगाची. दीर्घपुच्छ प्रधानासारखं बसायचा सराव करू लागला.

मग काळी बुरशी आली. एका झुडपाला लागली ती सगळ्यांना लागली, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतंच. टाकळ्यालाही लागली. त्यातला थोडा सडला, बाकीचा डुलत राहिला.

पाहणीला महाराज पोट धरूनच आले. समोर काळा ठिक्कर उतार.

"हे काय?"

दीर्घपुच्छाला आपली जेवणाची वेळ जवळ आलेली दिसली. त्यानं हात जोडले. "महाराज, सगळी एकदम गेली. जाताना एकानंही रांग मोडली नाही."

महाराज बघतच राहिले. इतकी आज्ञाधारक प्रजा त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्यातले काही अश्रू पोटदुखीचेही असतील. त्यांनी दीर्घपुच्छाला तिथल्या तिथे प्रधान केलं.

नव्या प्रधानांनी पहिला हुकूम काढला. "आता टाकळा. त्यातलं सर्वांत सरळ रोप निवडा, बाकीचा उपटा."

साळूबाईनं त्याच संध्याकाळी पोरं घेतली आणि नदीपलीकडचं जंगल गाठलं.

तात्पर्य : बाळांनो, आपल्यात कोणी वेडंवाकडं, निराळं दिसलं तर त्याला वेळीच उपटून टाकावं. जगण्यावाचून फारसं अडत नाही. पाहणीला रांग सरळ हवी.