पुराव्याचा दात

पाचपावलीतल्या रुपराव निनाव्यांचा माग सोमवारी सकाळी आठ वाजताच बंद पडला, आणि तोही गोपिकेने सूत न तोडता. चार वर्षांची गोपिका रोज मागाखाली शिरायची, ताण्याचे दोन-चार धागे तोडायची आणि रुपराव ते जोडत बसायचे. आज मात्र कारण थोरली तारा होती. तिचा उजवा गाल लाडवासारखा फुगला होता आणि ती दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडत होती.

“आठ दिवसांपासून दाढ दुखून राहिली तिची,” पुष्पलता नवऱ्याला म्हणाली. “काल भातही गिळून गिळून खाल्ला. गुरवारी तान्हा पोळा आहे. सारे पोट्टे लाकडी नंदी घेऊन घरोघर खात फिरतीन, अन् माही पोरगी तोंड दाबून बसंन. काही करा ना जी!”

रुपरावांना लेकीचं रडं बघवत नसे. पण सीताबर्डीवरच्या दातांच्या डॉक्टरची नुसती पाटी वाचली तरी फीच्या धास्तीने त्यांना घाम फुटायचा. अशा वेळी शेजारच्या इंदूबाई देवासारख्या धावून आल्या.

“सरकारी दवाखान्यात नेत काहून नाही तुमी? गरिबाच्या बारा वर्षांच्या आतल्या लेकरांचे दात फुकटात करून देतेत. शाळेचा दाखला तेवढा लागते.”

तारा दहा वर्षांची. म्हणजे काम झाल्यातच जमा होतं. रुपरावांनी शाळेतून दाखला आणला, तो न वाचताच खिशात घातला, तारेला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि दुपारी दवाखाना गाठला.

तिथे देवरावबाबू अर्ज घेत होते. मिळकतीच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी एकवार रुपरावांच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बरोबरची खूण केली. दाखल्याशी मात्र ते थांबले.

“हे नाही होत.”

“काहून?”

“जन्म एक जुलै चौसष्ट. आता ऑगस्ट शहात्तर चालू आहे. पोरगी बारा पार झाली.”

“बाबू, दहाची आहे ती! पाहा ना तिच्याकडे!”

“मी पोरीकडे नाही पाहत, कागदाकडे पाहतो. मंग हे तारीख गुरुजीले कोणं सांगतली?”

रुपरावांनी आधी छताकडे पाहिलं, मग चपलेकडे.

“मीनंच,” ते हळूच म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. चार वर्षांची असताना तारासुद्धा मागाखाली शिरून असंच सूत तोडायची. वैतागून रुपराव तिला शाळेत घेऊन गेले. तेव्हा जन्माचा कागद कोणाकडे नसायचा. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की लेकरू सहा वर्षांचं झालं असं शाळा समजायची. तारेची बोटं जेमतेम भांगापर्यंत पोचली. चंपतराव गुरुजी दौतीत टाक बुडवत होते, तेवढ्यात रुपरावांनी पोरीचं कोपर दाबलं आणि मुंडकं वाकवलं. कान हाताला लागला. गुरुजींनी सहा वर्षं मान्य केली आणि सगळ्यांनाच टाकायचे ती एक जुलै तारीख टाकली. रुपरावांचं सूत वाचलं होतं. ते आता असं भोवलं.

दवाखान्यातून ते तसेच गुरुजींच्या घरी गेले.

“करतो ना दुरुस्त,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “दहा लिहितो. मंग चार वर्षांच्या पोरीले मी भरती कशी केली, ते साहेबाले तू सांगजो. अन् हिले सातवीतून उठवून पाचवीत बसवतो. चालते?”

“मी नाही बसत पाचवीत!” तारा फुगल्या गालातून ओरडली. “दाढ राहू द्या तशीच!”

आपल्या खोटेपणापायी पोरगी दुखणं सोसते आहे, हे काही रुपरावांच्या मनातून जाईना. ते घरी आले तेव्हा मेव्हणा शालिकराम बसला होता. माग सोडून तो काटोलकडे संत्र्यांची बैलगाडी हाकायचा, आणि पोळ्यासाठी बैलांच्या झुली घ्यायला शहरात आला होता. सगळं ऐकून तो मांडीवर थाप मारून हसला.

“भाऊजी, बैलाच्या बजारात कोणी शाळेचा दाखला मागते काय? तोंड उघडतेत अन् दात पाहतेत! ये वं तारे, आ कर.” त्याने भाचीला उजेडात नेऊन तिच्या तोंडात डोकावून पाहिलं. “हे पाहा! दुखून राहिली ते दाढ अजून दुधाचीच आहे. दुधाचे दात असले की आमी बैलाले आदत म्हंतो. पोरगी आदत आहे, भाऊजी! चला, मी सांगतो त्या बाबूले.”

मंगळवारी त्याने देवरावबाबूंना हेच सांगितलं, पण बाजारातल्या आवाजात.

“हा दवाखाना आहे, बैलबाजार नाही!” देवरावबाबू कडाडले.

तो गलका ऐकून आतल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी तारेचं तोंड तपासलं आणि त्यांना हसू आलं. “मामांचं बरोबर आहे. दाढ दुधाची आहे. मुलगी दहाच्या आसपासच असावी.” त्यांनी तशी चिठ्ठी लिहिली आणि दुखण्यावर गोळ्या दिल्या.

देवरावबाबूंनी चिठ्ठी फाइलला लावली. “ठीक आहे. पण दाखला एक म्हणते अन् चिठ्ठी दुसरं म्हणते. असं असलं की मोठ्या साहेबांची सही लागते. साहेब शुक्रवारी बसतात. ते स्वतः दात पाहतील. तोवर त्या दाताले कोणी हात लावाचा नाही. तो आता पुरावा आहे.”

शालिकराम झुली घेऊन गावी गेला आणि निनाव्यांच्या घरी पुराव्याची राखण सुरू झाली. गोळ्यांनी ठणका कमी झाला, सूज उतरू लागली, पण नेमकी बुधवारी दाढ हलायला लागली. ज्या दाताने आठ दिवस घर छळलं, त्याची आता जावयासारखी बडदास्त सुरू झाली. पोळ्याची पुरणपोळी तारेला दुधात कुस्करून मिळाली. मागावर बसल्या बसल्या रुपराव मधूनच ओरडायचे, “तारे, जीभ!” आणि तारा दाढेवरची जीभ मुकाट्याने मागे घ्यायची.

गुरुवारी तान्ह्या पोळ्याला तारा नंदी घेऊन निघाली, तेव्हा रुपरावही मागोमाग निघाले. लोक तिच्या हातावर फुटाणे, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे ठेवायचे आणि ते रुपरावांच्या खिशात जायचे.

“उद्या खाजो, बापा,” ते समजावत. “आज तोंडात पुरावा आहे.”

पाचव्या घरी गोपिकेच्या नंदीचं चाक निसटलं. रुपराव ते बसवायला खाली वाकले आणि तेवढ्यात समोरून इंदूबाई आल्या.

“अवं माय, किती सुकली पोरगी!” असं म्हणत त्यांनी गुळाच्या चिक्कीचा तुकडा थेट तारेच्या तोंडात घातला. कट् असा आवाज झाला. तारेने तळहातावर दाढ घेतली, पाहिली, आणि आनंदाने ओरडत आईकडे पळाली.

रुपराव धापा टाकत घरी पोचले. “दात कुठं आहे?”

“फेकला ना,” पुष्पलता हात धुत म्हणाली. “शेणाच्या गोळीत घातला अन् फेकला कवेलूवर.”

“फेकला?”

“आपोआप पडला, मंग काय पेटीत ठेवू? दुधाचा दात छपरावरच फेकतेत.”

“अवं, तो सरकारी दात होता!”

रुपराव शिडी लावून छपरावर चढले. खालून इंदूबाई “आणखी उजवीकडे, भाऊ!” असं सांगत होत्या आणि वर कवेलू फुटत होते. तासाभराने ते खाली उतरले. छपराला चार भोकं पडली होती आणि आगपेटीत एकाऐवजी पाच दात होते. नेमका कोणता तो कळेना, म्हणून सगळेच आणले होते.

शुक्रवारी देवरावबाबूंनी आगपेटी उघडली आणि पटकन मिटली. “पाच? अर्ज एकाच दाताचा आहे!”

डॉक्टरीणबाईंनी आगपेटी टेबलावर पालथी केली. “ही ताराची दाढ. हे दोन तिचेच, आधी पडलेले. हा बहुतेक मांजराचा. आणि हा... हा फार जुना आहे. तुम्ही त्याच घरात वाढलात का?”

“हो जी.”

“मग तुमचाच असेल.”

रुपरावांनी तो तांदळाएवढा दात उचलला. “माह्या मायनं फेकला असंन,” ते म्हणाले, आणि दात जपून सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्यांना उगाचच बरं वाटलं.

तारेच्या तोंडात नव्या दाढेचं टोक दिसत होतं. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण फाइल साहेबांपर्यंत गेली होती, म्हणून साहेबांनी सही केली. ‘वय दहा. मंजूर.’ देवरावबाबूंनी तो कागद मोठ्या समाधानाने कपाटात ठेवला. बाहेर पायरीवर बसून तारा बापाच्या खिशातले कालचे फुटाणे उजव्या बाजूने कडाकड चावत होती. इतका गोड आवाज रुपरावांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

पुढच्या जूनमध्ये सुताच्या त्रासाला कंटाळून ते गोपिकेला शाळेत घेऊन गेले. गुरुजींनी टाक उचलला. गोपिकेने डोक्यावरून हात नेला. बोटं भांगाशीच अडली. सवयीने रुपरावांचा हात तिच्या कोपराकडे गेला.

“काय लिहू, रुपराव?” गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. “एक जुलै?”

गोपिका बापाकडे बघून हसली. तिचे सगळे दात दुधाचे होते. रुपरावांनी तिचा हात हळूच खाली घेतला.

“राहू द्या, गुरुजी. खरीखुरी सहाची झाली का आणतो.”

“अन् तुझं सूत?”

“जोडतो ना. काय होते?”

त्या दिवशी गोपिकेने संध्याकाळपर्यंत ताण्याचे अकरा धागे तोडले. रुपराव मागाखाली वाकून एकेक जोडत होते, आणि मधूनच थांबून तिला म्हणत होते, “आ कर वं, पाहू.”